खून कुठे करायचा?

खून कोणी केला, का केला आणि कशाने केला, हे माझं पहिल्याच आठवड्यात ठरलं होतं. कुठे केला, हे ठरायला सव्वा वर्ष लागलं. कादंबरी आता छापून आली आहे आणि लिहिणाऱ्या तीन-चार ओळखीच्यांनी वेगवेगळ्या वेळी एकच गोष्ट विचारली: रहस्यकथेला गाव खरं घ्यावं की मनाने रचावं? प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच तारीखवार लिहून टाकते. वही समोर आहे, त्यामुळे तारखा बऱ्यापैकी बिनचूक आहेत. चिडचीड तेवढी आठवणीतली.

सुरुवात ९ फेब्रुवारी २०२२ची. नोकरीच्या निमित्ताने मी पूर्वी दोन वर्षं समुद्रकाठच्या एका लहान गावात राहिले होते. किनाऱ्यापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर खडकाळ बेट, त्यावर बंद पडलेलं दीपगृह, आणि मध्ये ओहोटीला उघडा पडणारा वाळूचा दांडा. भरती आली की बेटाचा संबंध तुटला. एवढं आयतं घटनास्थळ ओळखीचं असताना दुसरं गाव शोधायची गरजच वाटली नाही. रस्ते आखायला नकोत, घरं बांधायला नकोत, अर्धं काम झालेलंच आहे, असा माझा हिशेब. गावाचं खरं नाव घेतलं, रस्त्यांची खरी नावं घेतली, पहिल्याच वाक्यात स्टेशनही घेतलं.

फेब्रुवारी ते जून या काळात तिकडे चार फेऱ्या केल्या, दर वेळी दोन रात्री मुक्काम. पुढे एवढं सगळं रामायण झालं, तरी या फेऱ्या मात्र मी पुन्हा करीन. स्टॉपवॉच हातात धरून चालले. स्टेशन ते धक्का दिवसा १४ मिनिटं, रात्री तेच १९, कारण दिवे नाहीत आणि माणूस पायाखाली बघत चालतो. ही पाच मिनिटं घरी बसून मला सुचली नसती, आणि एका संशयिताचा जबाब शेवटी त्याच पाच मिनिटांवर मोडतो. वाटेत रेल्वेचं फाटक होतं. एकदा ते ४ मिनिटं बंद राहिलं, एकदा मालगाडीमुळे ११. त्या अकरा मिनिटांत ताटकळत उभी असतानाच माझ्या खुन्याला त्याची ॲलिबी मिळाली: 'मी फाटकात अडकलो होतो.'

जाणार असाल तर कथेतली घटना ज्या वेळी घडते त्याच वेळी तिथे जा. आणि काय दिसतं यापेक्षा काय दिसत नाही, याची यादी करा. धक्क्यावरच्या बाकावरून दीपगृह दिसतं, पण त्याचं दार दिसत नाही. मधला खडक आड येतो. माझ्या पहिल्या कच्च्या खर्ड्यात साक्षीदार त्याच बाकावर बसून दारातून बाहेर पडणारा माणूस बघत होता.

आता कचेऱ्या. १४ मार्चला नगरपालिकेत अर्ज केला, 'कादंबरीसाठी गावाची माहिती हवी आहे' असा. तो दोन टेबलं फिरून परत आला, वर शेरा: 'प्रयोजन स्पष्ट करावे'. दुसऱ्या अर्जात नेमके तीन प्रश्न विचारले. दीपगृहाकडे जाणारी पायवाट कोणाच्या मालकीची? धक्क्यावरचे दिवे किती वाजता बंद होतात? बेट कोणाच्या हद्दीत येतं? उत्तर हातात पडलं २३ मे रोजी, म्हणजे पहिल्या अर्जापासून ७० दिवसांनी. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं होती. तिसऱ्यापुढे 'सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही' एवढंच. मला आधी राग आला, मग आनंद झाला. ज्या बेटावर प्रेत सापडणार ते कोणाच्याच अखत्यारीत नाही, याहून चांगलं काय हवं होतं? ते वाक्य पुस्तकात जसंच्या तसं आहे. तर अर्ज करताना 'कादंबरी' हा शब्द शेवटी, बारीक अक्षरात लिहा, आणि प्रश्न असे विचारा की ज्यांचं उत्तर एका ओळीत देता येईल.

पोलीस ठाण्यात लेखी काहीच मिळालं नाही. तोंडी जे मिळालं ते व्हरांड्यात, उभ्या उभ्या. ओळखीतून एक निवृत्त अधिकारी भेटले, त्यांनी मात्र तीन बैठका दिल्या. माझा नायक येतो आणि प्रेताशेजारी गुडघ्यावर बसून खिसे तपासतो, हे वाचून ते बराच वेळ हसले. म्हणाले, 'पहिला शिपाई पोहोचल्यावर जागा अडवतो आणि कोण किती वाजता आत आलं हे लिहून ठेवतो. तुमच्या गोष्टीत ती वही कुठे आहे?' ती वही पुढे माझ्या कथेतलं एक पात्रच झाली.

२८ ऑगस्टला पहिला खर्डा पुरा झाला. ४१ हजार शब्द. तीन जणांना वाचायला दिला. त्यातली एक मैत्रीण त्याच गावात राहते. तिचं उत्तर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलं, आणि त्यात तीन सुरुंग होते.

पहिला सुरुंग: 'अगं, फाटक गेलं. उड्डाणपूल सुरू झाला गेल्या महिन्यात.' मी जूनमध्ये बघितलं होतं तेव्हा तिथे नुसते खांब उभे होते. मी म्हटलं, काही हरकत नाही, गोष्ट चार वर्षं मागे नेते. नेली. तर चार वर्षांपूर्वी दीपगृह बंदच झालेलं नव्हतं. खरं गाव घेतलं की वर्षही खरं घ्यावं लागतं, आणि त्या वर्षाबरोबर त्या वेळची बसची वेळ, फोनची रेंज, अमुक दुकान होतं की नव्हतं, असं सगळं लटांबर येतं. चालू काळातली कथा लिहिणाऱ्याच्या पायाखालून तर गाव रोज थोडं थोडं सरकत असतं.

दुसरा सुरुंग मला झोपू न देणारा. माझ्या कथेत विषाचा पुरवठा गावातल्या डॉक्टरीणबाई करतात. मैत्रिणीने विचारलं, 'इथे डॉक्टरीणबाई एकच आहेत, तुला माहीत आहे ना?' मला माहीत होतं. मी त्यांच्याकडे तापासाठी गेलेही होते. नाव बदललं, वय बदललं, चष्मा काढून टाकला, आणि तेवढ्याने माणूस बदलला अशी माझी समजूत. पण जिथे एकच स्टेशनमास्तर, एकच डॉक्टर, एकच मुख्याध्यापक असतो तिथे हुद्दा हेच नाव असतं. मोठ्या शहरात डॉक्टर खुनी निघाला तर हजारो डॉक्टरांत तो हरवून जातो. लहान गावात तो थेट एका घराच्या दारात जाऊन उभा राहतो.

अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो यांनी १८४१ साली न्यूयॉर्कजवळ नदीत सापडलेल्या एका तरुणीच्या मृतदेहाचं प्रकरण घेतलं, आणि दुसऱ्या वर्षी ते पॅरिसला नेऊन बसवलं. हडसनची सेन झाली. पूर्वी मला ती पळवाट वाटायची. त्या आठवड्यात ते सगळं फार समजूतदारपणाचं वाटायला लागलं.

तिसरा सुरुंग भरतीचा. 'अवसेच्या मध्यरात्री तुझा माणूस दांड्यावरून चालत जातो. इथे अवसेच्या मध्यरात्री दांड्यावर डोक्यावरून पाणी असतं.' याकडे पुढे येते, कारण सगळं पुस्तक शेवटी त्याच्यावरच उभं राहिलं.

१ ऑक्टोबर २०२२ला मी खरं गाव सोडलं आणि एक नवंकोरं रचलं. पहिले दोन महिने नुसती चैन होती. वाटेल तिथे वळण, वाटेल तिथे विहीर. पोलीस ठाणं मला हवं तेव्हा पाच मिनिटांवर, नको तेव्हा घाटापलीकडे. बाहेरून मदत येऊ नये म्हणून वादळात पूल पाडला, फोनचा टॉवर पाडला, उरलेली एक होडी फोडली. फेब्रुवारी २०२३च्या अखेरीस ५२ हजार शब्दांचा दुसरा खर्डा तयार झाला आणि त्याच तिघांकडे गेला. या वेळी एका वाचकाने दोनच ओळी लिहिल्या: 'गाव लेखिकेच्या सोयीने हलतं. १४०व्या पानावर जी मागची बोळ निघाली ती आधी कुठे होती?'

ती बोळ आधी नव्हतीच. मला लागली तेव्हा मी ती उगवली.

इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले होते. त्यातला एक असा, की एकापेक्षा जास्त गुप्त खोली किंवा भुयार चालणार नाही. मी हसून सोडून दिलेला नियम तो. माझ्या कथेत भुयार एकही नव्हतं, आणि अख्खं गावच भुयार झालं होतं. खऱ्या गावाच्या बाबतीत निदान काही वाचकांना बोळ माहीत असते, नसली तर नकाशा उघडून बघता येते. रचलेल्या गावातलं सगळं फक्त माझ्या डोक्यात. तिथली बोळ वाचकाला शंभर पानं आधी, दुसऱ्याच कशासाठी तरी दाखवली नाही, तर ती बोळ नसून लबाडी असते.

यानंतर सव्वा महिना काहीही लिहिलं नाही. दोन खर्डे मिळून ९३ हजार शब्द पडलेले, आणि खून तिथल्या तिथे. ज्यांना या टप्प्यावर सगळं सोडून द्यावंसं वाटतंय त्यांना सांगते, मीही एक फाइल 'नको' या नावाने जपून ठेवली होती. अजून आहे.

मधल्या काळात लिहिण्याऐवजी दुसऱ्यांनी काय केलं ते बघत बसले. शेरलॉक होम्सच्या '२२१बी, बेकर स्ट्रीट' या लंडनमधल्या पत्त्यातला रस्ता खरा, पण कथा लिहिल्या जात होत्या तेव्हा त्या रस्त्यावर घरांचे क्रमांक २२१पर्यंत पोहोचतच नव्हते. रस्ता खरा, दार खोटं. पुढे क्रमांक वाढले तेव्हा ती जागा एका वित्तसंस्थेच्या इमारतीत गेली, आणि होम्सच्या नावाने येणाऱ्या पत्रांना उत्तरं द्यायला त्यांना माणूस नेमावा लागला. ॲगाथा ख्रिस्तींनी इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावरचं बर्ग बेट घेतलं, जिथे ओहोटीत वाळूवरून चालत जाता येतं. नाव बदललं, बेटाचा स्वभाव ठेवला. आणि अमेरिकन लेखक एड मॅकबेन यांनी १९५६पासून ८७व्या पोलीस ठाण्याच्या कथा एका बेनाम शहरात घडवल्या. शहर न्यूयॉर्कच, पण नकाशा नव्वद अंशांत फिरवलेला, भागांची नावं वेगळी, मधल्या भागाचं नाव इसोला. म्हणजे मी वर्षभर ज्याला 'खरं की खोटं' असा एकच प्रश्न समजत होते, तो पाच-सहा वेगळे प्रश्न होता. नाव कोणाचं? रस्ते कोणाचे? माणसं कोणाची? समुद्र कोणाचा? प्रत्येकाचं उत्तर वेगळं देता येतं.

८ एप्रिल २०२३ला मी त्या खऱ्या गावाचा नकाशा काढला आणि आरशात धरला. अक्षरशः. ट्रेसिंग पेपरवर गिरवला आणि कागद उलटा केला. समुद्र पश्चिमेचा पूर्वेला आला. अंतरं तीच, चढ तेच, बाकावरून दार न दिसणं तेच, स्टेशन ते धक्का रात्रीची १९ मिनिटं तीच. पण ओळखीच्या माणसालाही पटकन ओळखू येणार नाही असं गाव. नाव नवं. फाटक ठेवलं, कारण माझ्या गावात उड्डाणपूल बांधायचा की नाही हे माझ्या हातात. डॉक्टरीणबाई काढल्या. विष एका प्रवासी औषधविक्रेत्याकडून आलं, आणि कथानकाला ते जास्त शोभलं.

मग माझ्या हातून जे झालं ते सांगायला लाज वाटते. गाव उलटं झाल्यावर सगळी डावी-उजवी वळणंही उलटी करायला हवीत. मी पहिला खर्डा उघडला आणि संगणकाला सरळ सांगितलं, 'डाव'च्या जागी 'उजव' घाल आणि 'उजव'च्या जागी 'डाव'. मध्ये एक खूण वापरून ते नीट जमलंही. दुसऱ्या दिवशी वाचायला बसले तर चौथ्या पानावर खलनायकाने 'उजव रचला' होता. वकिलाने वारसांना 'उजवलून' मृत्युपत्र केलं होतं. हे निदान दिसण्यातलं होतं. न दिसणारं असं, की खुन्याचा उजवा हात डावा झाला होता आणि मृताच्या डोक्यावरची जखम दुसऱ्या बाजूला गेली होती. दोन्ही एकदमच बदलल्यामुळे पुरावा जुळत होता. पण तपास अधिकारी ज्या हाताने सही करतो तोही डावा, त्याच्या बायकोचाही डावा. गावात सगळेच डावखुरे! तीन संध्याकाळी एकेक शब्द हाताने सुधारला. त्यापुढे मी कुठलाही शब्द एका फटक्यात बदललेला नाही.

हातांचं निस्तरल्यावर सूर्याने गाठलं. तिसऱ्या प्रकरणात एक म्हातारे गृहस्थ संध्याकाळी खिडकीतून धक्क्यावरचा माणूस बघतात. मावळतीचा सूर्य समोर समुद्रावर, डोळ्यांवर तिरीप, म्हणून त्यांना चेहरा दिसत नाही, नुसती काळी आकृती दिसते. सगळं रहस्य त्या न दिसलेल्या चेहऱ्यावर. आता समुद्र पूर्वेला. संध्याकाळचा सूर्य म्हाताऱ्यांच्या पाठीमागून थेट त्या माणसाच्या तोंडावर. म्हातारे त्याला ओळखणार, नावाने हाक मारणार, आणि कादंबरी ३८व्या पानावर संपणार. प्रसंग सकाळी न्यावा लागला. सूर्य नुकताच पाण्यातून वर आलेला, धक्क्यावर कोणीतरी उभा राहून गाठोडं पाण्यात टाकतोय, साडेसहा वाजलेत.

साडेसहाला धक्क्यापाशी पाणी असेल का? हा प्रश्न मी या वेळी लिहिण्याआधी विचारला. प्रगती म्हणायची ती एवढीच.

आता भरती. मी खुनासाठी अवस निवडली होती, कारण अंधार हवा. पण अवस आणि पुनवेच्या सुमाराला उधाणाची भरती असते. भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते. शिवाय एखाद्या ठिकाणी उधाणाची भरती दर वेळी साधारण त्याच घड्याळी वेळेला येते. त्या गावात ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. म्हणजे तिथे अवसेच्या मध्यरात्री दांडा कधीच उघडा मिळणार नाही, या वर्षी नाही आणि पुढच्याही नाही. मैत्रिणीने एका वाक्यात सांगितलं ते हेच. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, आणि भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. आठवड्याभरात हे मागे पडणं सहा तासांवर जातं. म्हणून अष्टमीच्या सुमाराला मध्यरात्री ओहोटी. शुद्ध अष्टमीचा चंद्रही मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो. माणसाने साडेबाराला निघायचं. पाणी उतरलेलं, अंधार पडलेला, आणि सहा तासांनी, सकाळी साडेसहाला, धक्क्यापाशी भरपूर पाणी.

हे जुळलं त्या रात्री मी एकटीच टाळी वाजवली. पण खरी देणगी अजून यायची होती. अष्टमीची भरती भांगाची, म्हणजे ती फार चढत नाही आणि ओहोटी फार उतरतही नाही. अशा ओहोटीला दांडा पूर्ण उघडा पडत नाही, गुडघाभर पाणी राहतं. माझा खुनी कोरडा जाऊ शकत नव्हता. त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजणार, आणि वाळल्यावर कापडावर मिठाची पांढुरकी रेघ उमटणार. सव्वा वर्ष मी ज्या पुराव्यासाठी डोकं खाजवत होते तो समुद्राने दिला. एवढं दोन्ही खर्ड्यांत मिळून झालं नव्हतं. गाव रचता येतं, रस्ते उलटे करता येतात, पण चंद्र आणि पाणी यांचं वेळापत्रक रचलेल्या गावालाही पाळावं लागतं. ते पाळलं की गाव खरं वाटायला लागतं.

पुढचं काम मुकाट्याने झालं. मे ते ऑक्टोबर २०२३. भिंतीवर मोठा नकाशा, आणि स्वतःला घातलेली एकच अट: ज्या जागेवर रहस्याची गाठ आहे ती जागा वाचकाने निदान दोनदा आधी, निरुपद्रवी कारणाने पाहिलेली असावी. मागची बोळ आता ११व्या पानावर आहे; तिथून एक पोरगा पतंग धरायला पळतो. पाणी दांड्यावर रेंगाळतं, हे २६व्या पानावर एका बाईच्या तक्रारीत आहे. नकाशा छापावा का यावर मी बरेच दिवस घुटमळले. १९४०च्या दशकात डेल या अमेरिकन प्रकाशनाच्या स्वस्त रहस्यकथांच्या मलपृष्ठावर घटनास्थळाचा नकाशाच असायचा, आणि वाचकांना तो फार आवडायचा. मी शेवटी छापला. नकाशा छापला की लेखकाला पळता येत नाही, हा त्याचा फायदा की तोटा ते तुम्ही ठरवा.

नावाचं काम मी हलकं समजले होते. मला आवडलेल्या पहिल्या नावाची तीन खरी गावं निघाली, दुसऱ्या नावाचं एक, तेही समुद्रकाठी. तिसरं टिकलं. पात्रांच्या नावांसाठी मी प्रत्येक आडनाव हुद्द्याबरोबर शोधून बघितलं, म्हणजे नुसतं आडनाव नाही, तर 'अमुक, औषधविक्रेता' असं. वेळ गेला चार दिवस. हे का करायचं, ते मला पुढे वकिलांकडून कळलं.

१५ नोव्हेंबर २०२३ला प्रकाशकांकडे हस्तलिखित दिलं. होकार १९ मार्चला, चार महिन्यांनी. होकाराबरोबर एक तक्ता. रकाने पाच: पान क्रमांक; खरी जागा, संस्था किंवा व्यक्ती; तिथे कथेत काय घडतं; त्यात बदनामीकारक काही आहे का; बदल सुचवायचा असल्यास. मला वाटलं, कल्पित गाव आहे, तक्ता कोराच जाईल. भरायला बसले तर ४३ नोंदी झाल्या. एक खरं वर्तमानपत्र, दोन औषधांची व्यापारी नावं, एक बँक, शेजारच्या खऱ्या शहरातलं रुग्णालय. खरं शहर शेजारी ठेवलं होतं, म्हणजे वाचकाला दिशा कळावी. पण त्या रुग्णालयात माझ्या कथेतला शवविच्छेदनाचा अहवाल गहाळ होतो. काही कारण नसताना मी एका खऱ्या संस्थेवर ठपका ठेवला होता.

वकिलांचं उत्तर यायला सात आठवडे लागले. मग फोनवर पाऊण तास. मी म्हटलं, सुरुवातीला 'सर्व पात्रे काल्पनिक' असं छापलं की झालं ना? ते म्हणाले, ती ओळ ज्या खटल्यानंतर चित्रपटांत सर्रास दिसायला लागली, त्या खटल्यातही पात्राचं नाव बदललेलंच होतं. रासपुतिन या रशियन साधूवरच्या चित्रपटावरून राजकन्या इरिना युसुपोव्हा यांनी लंडनमध्ये दावा लावला आणि १९३४मध्ये २५ हजार पौंड मिळवले. नाव वेगळं असूनही लोक ओळखतात, हेच त्यात ठरलं. उलट बाजूचा किस्सा त्याहून भयंकर. १९०८मध्ये एका इंग्रजी वर्तमानपत्रात फ्रान्समधल्या दिएप गावच्या मोटारींच्या उत्सवावर गमतीचा लेख आला, त्यात आर्टेमस जोन्स नावाचा एक मनाने रचलेला गृहस्थ परस्त्रीबरोबर दाखवला. त्या नावाचा खरा बॅरिस्टर निघाला. त्याला १,७५० पौंड भरपाई मिळाली आणि हाउस ऑफ लॉर्ड्सनेही ती कायम ठेवली. गाव खरं, माणूस खोटा, दंड खरा! माझे आडनावांवर घालवलेले चार दिवस मला त्या क्षणी स्वस्त वाटले.

४३ पैकी ९ नोंदी बदलल्या. रुग्णालय, बँक आणि औषधांची नावं गेली, शेजारचं शहर राहिलं. कायदा देशागणिक वेगळा असतो, म्हणून हे माझ्यावरून ठरवू नका. पण तो पाच रकान्यांचा तक्ता प्रकाशकाने मागायच्या आत, लिहीत असतानाच ठेवा. माझे निदान दोन महिने वाचले असते. अंतिम मंजुरी १२ जुलै २०२४ला आली. माझ्या हिशेबात चार फेऱ्या, दोन बाद खर्डे, एक ७० दिवसांचं उत्तर आणि एक उलटा ट्रेसिंग पेपर.

पुस्तक आल्यावर त्या गावातल्या मैत्रिणीला पहिली प्रत पाठवली. ती तिच्या शेजारणीने वाचली, आणि हे आपलं गाव आहे असा तिला संशयही आला नाही. मला जरा वाईटच वाटलं, हे कबूल करते.

पहिलं पत्र आलं ते एका निवृत्त बोटमास्तरांचं. मिठाच्या रेघेचं त्यांनी कौतुक केलं, भरतीची वेळ बरोबर म्हणाले, आणि मग पान १७२. तिथे खुनानंतर चौथ्या रात्री एक वाजता माझा अधिकारी 'मिट्ट काळोखात' धडपडत बेटाकडे निघतो. 'खून शुद्ध अष्टमीला,' त्यांनी लिहिलं होतं, 'तर चौथी रात्र द्वादशीची. रात्री एक वाजता चंद्र पश्चिमेकडे कललेला असतो, पण चांगला लख्ख. साहेबांना विजेरी कशाला लागली?'

प्रकाशकांना कळवलं आहे. दुसरी आवृत्ती निघाली तर अधिकारी विजेरीशिवाय जाईल. तोवर आकाश ढगाळ होतं असं समजा.